गाडी बंद का पडते?

सिग्नल हिरवा होतो. पुढची वाहने सरकू लागतात. नुकताच परवाना हाती आलेली घरातील सून पहिला गिअर टाकते, क्लचवरील पाय उचलते, गाडी एक आचका देते आणि इंजिन निःशब्द होते. मागून हॉर्नचा गजर सुरू होतो. शेजारच्या आसनावरून ‘अगं, क्लच हळू सोड म्हणून कितीदा सांगायचं!’ असा उद्गार येतो. घाईघाईने ती पुन्हा किल्ली फिरवते, पाय पुन्हा तितक्याच वेगाने सुटतो आणि गाडी पुन्हा बंद पडते. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर कित्येक घरांत तो परवाना कपाटात जातो आणि तेथेच मुदत संपेपर्यंत पडून राहतो. घरी गाडी आहे, चालवण्याचा परवाना आहे, तरी मुलांच्या शाळेपासून सासूबाईंच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक फेरीसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

‘क्लच हळू सोड’ ही सूचना चुकीची नाही. ती अपुरी आहे. हळू म्हणजे किती, कोठपर्यंत आणि मुळात कशासाठी, हे सांगणारा मनुष्य क्वचितच भेटतो. शिकवणाऱ्यालाही ते ठाऊक नसते; त्याच्या पायाला ते सवयीने जमलेले असते, एवढेच. ज्याला कारण कळले त्याचा पाय आपोआप थांबतो. म्हणून प्रथम इंजिनाचा स्वभाव समजून घेणे इष्ट.

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचे एक मोठे वैगुण्य आहे : थांबलेल्या अवस्थेत ते पूर्णतः असमर्थ असते. बैलाची गोष्ट निराळी. गाडी चिखलात रुतली की बैल जागच्या जागी उभा राहून खांदा लावतो, खूर रोवतो. पाऊल न हलताही त्याचा जोर जुवावर पडत असतो. वाफेचे इंजिनही तसेच. चाक फिरत नसले तरी वाफेचा दाब दट्ट्यावर असतोच, म्हणून जुन्या आगगाड्या क्लचवाचून जागच्या हलत. विजेची मोटर तर उभ्या स्थितीतच सर्वांत जोमदार असते. मोटारीच्या इंजिनाला मात्र आधी फिरत असावे लागते, तेव्हा कोठे त्यातून जोर निघतो. रेल्वेच्या बलाढ्य डिझेल इंजिनांनाही हा नियम सुटलेला नाही. आपल्याकडील बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत डिझेलचे यंत्र चाकांना जोडलेलेच नसते. ते केवळ वीज निर्माण करते आणि चाके विजेच्या मोटरी फिरवतात. हजारो टनांची मालगाडी क्लच घासत हलवणे शक्य नाही, हे जाणून अभियंत्यांनी तो मार्गच सोडून दिला.

इंजिनाचा हिशेब पाहिला म्हणजे हे वैगुण्य कोठून आले ते उमगते. सिलिंडरमध्ये दट्ट्या चार वेळा वरखाली होतो : हवा-इंधन आत घेणे, ते दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे. या चारांपैकी कमाईची फेरी एकच, पेटण्याची. उरलेल्या तिन्ही खर्चाच्या. त्यांतही दाबण्याची फेरी सर्वांत महाग. मग त्या तीन फेऱ्या कोणाच्या जोरावर पार पडतात? इंजिनाच्या टोकाला पोलादाचे एक जड चाक असते, त्यास फ्लायव्हील म्हणतात. कमाईच्या फेरीत ते गती साठवते आणि खर्चाच्या फेऱ्यांत ती परत देते. व्यापारी परिभाषेत सांगायचे तर फ्लायव्हील हे इंजिनाचे खेळते भांडवल आहे. या भांडवलाचा नियम मात्र कठोर आहे : फिरण्याचा वेग निम्मा झाला की साठा निम्मा उरत नाही, पावच उरतो. उलट वेग दुप्पट झाला की साठा चौपट होतो.

गाडी नुसती चालू ठेवून उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे घेत असते. चार सिलिंडरच्या गाडीत एवढ्या वेगाला सेकंदाला सुमारे २७ वेळा इंधन पेटते, तीन सिलिंडरच्या गाडीत २० वेळा. टाटा मोटर्सने २००५ साली बाजारात आणलेला आणि सर्व पेठांतून ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो मुळात दोनच सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर निघाला. त्यात एवढ्याच वेगाला सेकंदाला अवघी १३ वेळा कमाई होते. दोन कमायांमधील अंतर जितके जास्त, तितका फ्लायव्हीलवरचा भार अधिक. माल भरलेला टेम्पो चढावर उचलताना जी धडधड जाणवते, ती या अंतराची आहे.

आता चाकांकडे वळू. सर्वसाधारण छोट्या मोटारीत पहिल्या गिअरला इंजिनाचे सुमारे चौदा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. इंजिन आठशे फेऱ्यांवर असेल तर गाडीचा वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, असला पाहिजे. पण गाडी तर उभी आहे. तिचा वेग शून्य आहे. एकीकडे सहा, दुसरीकडे शून्य, आणि दोघांना जोडायचे आहे. एकदम जोडले तर दोनच गोष्टी संभवतात. बाराशे किलोची गाडी तत्क्षणी सहाच्या वेगाने पळाली पाहिजे, किंवा इंजिन शून्यावर आले पाहिजे. जड बाजू जिंकते. इंजिनाचा वेग आठशेवरून चारशेवर ढासळतो, साठा पावपट होतो, पुढची दाबण्याची फेरी पार करण्यापुरतेही भांडवल उरत नाही आणि दट्ट्या अर्ध्या वाटेत अडकतो. गाडीने दिलेला तो आचका म्हणजे फ्लायव्हीलमधील उरलीसुरली गती चाकांकडे गेल्याची खूण होय.

हा सहा आणि शून्य यांमधील तंटा मिटवण्यासाठी क्लचची योजना झाली. खरखरीत अस्तराची एक तबकडी फ्लायव्हीलवर स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. पॅडल दाबले की ती विलग होते, सोडले की चिकटते. या दोन टोकांच्या मध्ये पॅडलचा बोटभर टप्पा असा असतो की तेथे तबकडी घासत राहते : इंजिन आपल्या वेगाने फिरते, चाके आपल्या वेगाने, आणि तरीही थोडा जोर पलीकडे पोचतो. गाडी हळूहळू सहाच्या वेगाला येते. दोन्ही वेग जुळले की घासणे संपते. त्यानंतर पाय झटक्याने काढला तरी काही बिघडत नाही. हा सारा व्यवहार सपाट रस्त्यावर दोन-तीन सेकंदांचा असतो.

तेव्हा ‘हळू सोडा’ याचा अचूक अर्थ असा की खालचा रिकामा टप्पा चटकन सोडावा, गाडी हलू लागेल त्या बिंदूवर पाय स्थिर धरावा, मनात दोन अंक मोजावेत आणि मग उरलेला सोडावा. नवशिक्यांची गल्लत नेमकी येथे होते. गाडी हलली म्हणजे काम झाले असे वाटून ते त्याच क्षणी पाय उचलतात. वास्तविक गाडी हलली तेव्हा काम सुरू झालेले असते.

हा बिंदू पायाला ओळखीचा करून देण्याची एक उत्तम रीत आहे, आणि मोटार प्रशिक्षण वर्गांत ती फार कमी वापरली जाते याचे आश्चर्य वाटते. मोकळे, सपाट मैदान घ्यावे. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावूच नये. पहिला गिअर टाकून क्लच इतका सावकाश उचलावा की गाडी मुंगीच्या पावलाने सरकेल. मग तेथेच पाय धरून ठेवावा. अलीकडच्या गाड्यांत इंजिनावर संगणकाची देखरेख असते. फेरे घसरू लागले की तो आपण होऊन थोडी हवा व इंधन वाढवतो, त्यामुळे सपाटीवर गाडी केवळ क्लचवर निघते. डिझेल गाडी तर याहून सहज निघते. अर्धा तास हा एकच अभ्यास केला, आणि या अर्ध्या तासात शेजारी बसलेल्याने मौन पाळले, तर बंद पडण्याची भीती पुष्कळ ओसरते. मौनाची अट थट्टेची नाही. घाबरलेला पाय नेहमी वेगाने सुटतो.

चढावर मात्र संगणकाची ही मदत पुरत नाही. शंभर फुटांत दहा फूट चढणारा रस्ता घेतला तर बाराशे किलोच्या गाडीला जणू १२० किलोचे वजन सतत मागे ओढत असते. सपाटीवर इंजिनाला केवळ गाडीचे जडत्व मोडायचे होते. येथे हे ओझेही उचलायचे आहे, आणि तेही वेग शून्य असताना. सोसायटीच्या तळघरातील वाहनतळाचा चढ बहुधा याहूनही तीव्र असतो. म्हणून चढावर भांडवल आधी वाढवावे लागते. हँडब्रेक ओढलेला ठेवावा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित देऊन फेरे दीड हजारांच्या आसपास न्यावेत, क्लच त्या बिंदूपर्यंत आणावा. गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे होते, इंजिनाचा आवाज खोल जातो. तेव्हा, आणि तेव्हाच, हँडब्रेक सोडावा. आठशेऐवजी सोळाशे फेरे असतील तर फ्लायव्हीलचा साठा चौपट असतो, हे वर आलेच आहे. खंबाटकीच्या चढावर रांगेत अडकलेल्या अनुभवी चालकाचा हात हँडब्रेककडे का जातो, त्याचे हे उत्तर. पायाच्या ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर उडी मारण्याच्या कसरतीपेक्षा ही पद्धत शतपटीने सुरक्षित आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

चढाचा हा पेच मोटारीइतकाच जुना आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापून, माहेरी गेल्या. चढ आला की मुले उतरून गाडी ढकलीत. या प्रवासानंतर बेंझ यांच्या गाडीत चढासाठी आणखी एक गिअर आला. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीने केला, ही गोष्ट ज्या घरांत सुनेच्या हाती किल्ली देताना कपाळावर आठ्या चढतात त्या घरांत अवश्य सांगावी.

पुढील वीस-पंचवीस वर्षे तर बंद पडलेल्या गाडीची किंमत आजच्या कितीतरी पट होती. खाली उतरून समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. इंधन अवेळी पेटले तर हँडल उलट फिरून मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला तेव्हा हे संकट टळले. आज बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्यास तीन सेकंद आणि थेंबभर इंधन लागते. मागच्याचे हॉर्न सोडले तर नुकसान शून्य.

खरे नुकसान होते ते बंद पडण्याच्या भीतीने. एकदा चारचौघांत शोभा झाली की चालक दोन उपाय शोधून काढतो : अ‍ॅक्सिलरेटर भरमसाट द्यायचा आणि क्लच कधी पुरता सोडायचाच नाही. गाडी बंद पडत नाही, घरचे समाधान पावतात. परंतु तबकडीचे अस्तर त्या प्रत्येक क्षणी घासून झिजत असते, कारण ते सेकंद-दोन सेकंद घासण्यासाठी बनवलेले आहे, सिग्नल ते सिग्नल घासण्यासाठी नव्हे. चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे हा तर त्याचा कळस. करपलेल्या पट्ट्यासारखा वास आला म्हणजे अस्तर जळत आहे असे समजावे. पुढे अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, आणि गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवून काही हजारांचे बिल हाती देतो. शिकाऊ हाताने दहा वेळा गाडी बंद पाडली तर ते स्वस्त. बंद पडू नये म्हणून वर्षभर क्लच जाळला तर ते महाग. गाडी शिकवणाऱ्याने ओरडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

चालत्या गाडीचे बंद पडणेही याच नियमाने होते. आठशे फेऱ्यांना पहिल्या गिअरचा वेग सहा, तर तिसऱ्याचा सुमारे पंधरा. गतिरोधकापाशी ब्रेक दाबून गाडी दहावर आली आणि गिअर तिसराच राहिला, तर चाके इंजिनाला साडेपाचशेच्या खाली ओढतात. गाडी थरथरू लागते. ती थरथर म्हणजे सूचना असते. क्लच दाबून दुसरा किंवा पहिला गिअर घेतला की शांत होते, दुर्लक्ष केले की बंद पडते.

प्रत्येक वेळी दोष पायाचाच असतो असेही नाही. गॅरेजला जाण्यापूर्वी घरच्या घरी एवढे पाहता येते. गाडी केवळ क्लच सोडतानाच बंद पडत असेल तर सराव हवा. क्लच पूर्ण दाबलेला असूनही गिअर टाकताच गाडी पुढे ओढली जाते वा बंद पडते, तर क्लच नीट सुटत नाही; केबल अथवा क्लचचे तेल तपासावे लागेल. आणि न्यूट्रलमध्ये नुसती उभी असतानाही बंद पडत असेल तर चालकाला बोल लावणे अन्यायाचे. हवा आत सोडणाऱ्या झडपेवर बसलेली काजळी, तुंबलेला इंधनाचा फिल्टर, डिझेलमध्ये मिसळलेले पाणी, बिघडलेला एखादा सेन्सर, यांपैकी काही तरी असते. एसी सुरू करताच इंजिन गुदमरत असेल तर पहिला संशय त्या काजळीवर घ्यावा; एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचाच जोर खातो आणि काजळीने हवा रोखलेली असली की तो भार पेलत नाही.

बंद पडल्यावर काय करावे, हे बंद न पडण्याच्या युक्तीपेक्षा महत्त्वाचे आहे. आणि ते तर कोणी शिकवतच नाही. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते. ब्रेकचे पॅडल हलके वाटते ते निर्वात टाकीच्या साहाय्याने, आणि त्या टाकीत इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच साठा राहतो. घाबरून पॅडल पुनःपुन्हा दाबले की तो संपतो आणि मग ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो. म्हणून एकदाच दाबावा व दाबून धरावा. स्टीअरिंगही जड होते, पण फिरते. किल्ली बाहेर मात्र काढू नये, कारण त्याने स्टीअरिंगला कुलूप बसते. क्रम असा : ब्रेक, हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल, मग किल्ली. उतारावर मागे घरंगळणारी गाडी हीच खरी जोखीम असते, हॉर्न वाजवणारा नव्हे. रेल्वे फाटकातून जाताना पहिल्या गिअरमध्येच रूळ ओलांडावेत, रुळांवर गिअर बदलू नये. तेथेच गाडी अडली आणि पुन्हा सुरू होईना, तर प्रथम सर्व माणसे खाली उतरवून रुळांपासून दूर न्यावीत. गाडीचा विचार त्यानंतर.

या सर्व खटाटोपातून सुटका म्हणून पुष्कळ कुटुंबे आता ऑटोमॅटिककडे वळली आहेत. त्यांतही भेद आहे. काही गाड्यांत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने जोड दिलेली असते. तेल घसरत राहते, म्हणून गाडी उभी असतानाही इंजिन सुखाने फिरते. परंतु २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली आणि स्वस्त म्हणून लोकप्रिय झालेली एएमटी ही जात वेगळी. तिच्यात तोच क्लच, तीच तबकडी असते. पायाच्या जागी यंत्राचा हात एवढाच फरक. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर ती तोलून धरली तर तबकडी तशीच जळते.

इंजिनाच्या या अडेलपणाचा एक उपयोगही आहे. उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेकसोबत पहिला गिअर टाकून ठेवतात, तेव्हा तीच महागडी दाबण्याची फेरी चाकांना अडवून धरते. अशा गाडीच्या खिडकीतून हात घालून एसीसाठी वा रेडिओसाठी कोणी किल्ली पूर्ण फिरवली, तर सेल्फ गाडीला पुढे ढकलतो आणि ती समोरच्या भिंतीवर किंवा माणसावर जाते. नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याखेरीज सेल्फ लागत नाही; जुन्या गाड्यांत व टेम्पोंत ही सोय असेलच असे नाही. किल्लीला हात लावण्यापूर्वी गिअरची दांडी डावी-उजवीकडे हलवून पाहण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय त्यासाठीच आहे.